मराठवाड्यातल्या गढीत घडणारी संशयाची प्रेमकादंबरी कशी लिहावी

जुन्या सरदार घराण्यात ठरवून झालेले लग्न, एकमेकांना न ओळखणारे पतिपत्नी आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला संशय, या सूत्रावर कादंबरी लिहू पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यातल्या बहुतेक हस्तलिखितांचा दोष एकच असतो. संशय गैरसमजातून जन्मतो, आणि दोघांनी एका रात्री समोरासमोर बसून चार वाक्ये बोलली असती तर तो तिथेच संपला असता, हे वाचकाला तिसऱ्याच प्रकरणात कळते. पुढची दोनशे पाने मग लेखक त्या दोघांना बोलू देत नाही एवढेच घडत राहते. वास्तविक अशा घराण्यांत न बोलण्याला भक्कम कारण असे, आणि ते कारण बहुधा दप्तराच्या पेटीत असे. म्हणून कथेची सुरुवात नायक-नायिकेच्या स्वभावापासून न करता वतन, कर्ज, वारसा आणि लग्नाची याद (देण्याघेण्याचा लेखी ठराव) यांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

या प्रदेशाच्या इतिहासातच त्याचा सर्वांत ठळक दाखला आहे. वेरूळचे भोसले आणि सिंदखेडचे जाधव ही घराणी शहाजीराजे व जिजाबाई यांच्या लग्नाने जोडली गेली, तरीही दोन्ही घराण्यांतले वैर मिटले नाही. खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याच्या प्रसंगातून उसळलेल्या चकमकीत दोन्हीकडची माणसे पडली. पुढे 1629 मध्ये लखुजी जाधवराव दौलताबादेस निजामशाही दरबारातच मुलांसह मारले गेले. सोयरीक झाली म्हणून राजकारण थांबत नाही, आणि सासर-माहेर उभे फाटले तर मधल्या स्त्रीने कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न यातून आपोआप उभा राहतो. मात्र या व्यक्तींनाच नायक-नायिका करण्याच्या फंदात पडू नये. रंगपंचमीच्या दिवशी लग्न ठरल्याची गोष्ट बखरींतून येते आणि इतिहासकार ती जपून घेतात. शिवाय ज्यांच्याविषयी वाचकाच्या मनात पूज्यभाव आहे त्यांच्या शयनगृहात कल्पनेने शिरणे औचित्याला धरून होत नाही. आकृतिबंध तिथून घ्यावा आणि माणसे स्वतः घडवावीत.

काळ कोणता घ्यावा

निजामशाहीचा काळ भव्य खरा, पण रोजच्या घरगुती जीवनाचे तपशील हाती लागणे अवघड जाते. 1763 च्या राक्षसभुवनच्या लढाईच्या आसपासचा काळ युद्धकथेला चांगला आहे, कारण एका पायाने पुणे दरबारात आणि दुसऱ्या पायाने निजामाच्या दरबारात उभी असलेली घराणी तेव्हा इथे होती. परंतु संशयाच्या प्रेमकथेसाठी मी विसाव्या शतकाची पहिली दहा वर्षे, म्हणजे हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध निवडेन. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या सुधारणांनी तोवर देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुली काढून घेतली होती आणि त्यांना ठरावीक रुसूम, म्हणजे वतनाच्या हक्काची रक्कम, मिळत असे. घराण्याचा डौल पूर्वीचाच होता, पण उत्पन्न आटले होते. सावकाराकडे गहाण पडलेल्या इनामी जमिनी, वारसाच्या चौकशीसाठी हैदराबादेस घालावे लागणारे खेटे आणि बाहेरून ताठ दिसणारी गढी यांची गाठ इथे पडते. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादेस जाणारी मीटर गेज रेल्वे 1900 च्या सुमारास पुरी झाली होती, त्यामुळे नायक दोन दिवसांत हैदराबाद गाठू शकतो आणि तार त्याहून लवकर पोहोचते. लातूरला मात्र बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये आली. 1908 च्या कथेत लातूरच्या स्टेशनावर कोणाला उतरवू नये. त्या भागातली मंडळी दमणीने, म्हणजे छप्पर असलेल्या बैलगाडीने, आणि गोषातल्या स्त्रिया मेण्याने किंवा पडदा लावलेल्या गाडीने बार्शी गाठत असतील.

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक घराणे धरू. बालाघाटाच्या कुशीत गढी, देशमुखी आणि एक जहागीर गाव. साल 1908. नायिका अठरा-एकोणीस वर्षांची.

इथे पहिली अडचण येते. त्या काळी अशा घरच्या मुलीचे लग्न फार लहानपणी होत असे, आणि प्रेमकादंबरीची नायिका प्रौढ असलीच पाहिजे. अनेक लेखक काहीही न सांगता तिचे वय वाढवतात. त्यापेक्षा उशिराचे कारण कथेत आणावे: 1899-1900 चा दुष्काळ, त्यात बुडालेले घर, मग वडिलांचा मृत्यू, मग भाऊबंदकी. असे केल्याने एकाच तपशिलातून दोन कामे होतात, कारण "मुलगी इतकी वर्षे घरात का राहिली?" हा प्रश्न सासरच्या देवडीवर पहिल्याच दिवशी विचारला जाणार. लेखकाची सोय हीच सासरची पहिली शंका होते.

याद लिहा, मग कादंबरी

लग्न ठरताना जी याद होत असे ती लेखकाने स्वतः पूर्ण लिहून काढावी, मग तिचा एक शब्दही कादंबरीत आला नाही तरी चालेल. हुंडा किती, आंदण काय, मानपान कोणाचा, बस्ता कोणी बांधायचा, पाठराखीण म्हणून कोण येणार आणि किती दिवस राहणार, दिवाळसणाला काय द्यायचे, हे सगळे तीत असावे. मग त्या यादीत एक फट शोधावी. संशय त्या फटीतून आत येतो.

एक फट निजामाच्या राज्यानेच तयार ठेवली आहे. राज्यात हाली शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखातला रुपया कलदार म्हणून ओळखला जाई. दोन्हींचा भाव पूर्वी चढउतार करी. पुढे सात हाली म्हणजे सहा कलदार असा तो स्थिरावला. आता यादीत नुसते "रुपये सात हजार" लिहिले असेल, तर मुलीकडचे सात हजार हाली मोजतात आणि मुलाकडचे सात हजार कलदारांची वाट पाहतात. हाली सात हजारांचे कलदार सहाच हजार होतात. म्हणजे एक हजार कलदारांचा खड्डा, आणि दोन्ही बाजू स्वतःला प्रामाणिक समजतात. असा वाद लग्नमंडपात फुटत नाही. अब्रूसाठी सगळे गिळतात आणि नंतर प्रत्येक बोलण्याला त्याची कड येते. मला तरी विहिरीत सापडलेल्या पहिल्या बायकोपेक्षा हा हजार रुपयांचा खड्डा जास्त भयानक वाटतो. पहिली बायको, बंद खोली आणि वेडी आत्या यांचा वापर इतका झाला आहे की त्यांतले रहस्य वाचक दारातच ओळखतो.

लग्नाच्या रीतीतही संधी आहे. मोठ्या मराठा घराण्यांत वर स्वतः न जाता त्याचा खांडा पाठवून लग्न लावण्याची रीत होती. नायक वारसाच्या तंट्यासाठी हैदराबादेस अडकला आहे, मुहूर्त टळू नये म्हणून खांडा आला आहे आणि नायिकेने एका तलवारीला माळ घातली आहे, अशी सुरुवात केली तर नवरा दिसण्याआधीच त्याच्याविषयी चार माणसांची चार मते तिच्या कानी पडतात. मुहूर्त टळल्याने लग्न राहिलेली योगेश्वरी अंबाजोगाईत आणि तिचा नियोजित वर वैजनाथ परळीत, ही कथा या भागातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. वरातीच्या वाटेवर पाठराखिणीने तिचा नुसता उल्लेख करावा. स्पष्टीकरण देऊ नये. (त्या काळच्या सरकारी कागदांत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद असे येते, हे ध्यानात असावे.)

संशय दोन्हीकडून हवा, आणि थोडा खराही हवा

फक्त नायिकेने नवऱ्यावर संशय घेतला तर कथा भयकथेकडे झुकते आणि फक्त नवऱ्याने बायकोवर घेतला तर ती छळकथा होते. दोघांनीही एकमेकांवर संशय घ्यावा आणि दोघांच्याही संशयात सत्याचा अंश असावा. आपल्या उदाहरणात नायकाने वतन निर्वेध असल्याचे सांगून लग्न केले आहे. प्रत्यक्षात चुलत्याने वारसाला हरकत घेतली आहे आणि आंदणाचे पैसे वकिलाच्या घरी गेले आहेत. उलट नायिकेच्या भावाने तिला निरोप धाडला आहे की जावयाच्या पेटीत कोणते कागद आहेत ते कळवावे, आणि तिने त्याला अजून नकार कळवलेला नाही. कोणीही खुनी नाही, पण दोघेही दोषी आहेत. अशा दोघांमधले प्रेम पटते, कारण त्यात क्षमेला काम मिळते.

कागद कोणी वाचायचा, हा या काळातला फार उपयुक्त प्रश्न आहे. सरकारी भाषा 1880 च्या दशकात फारसीऐवजी उर्दू झाली होती, घरचा पत्रव्यवहार आणि हिशेब मोडीत चाले. नायिकेला वडिलांनी मोडी आणि जमाखर्च शिकवला असेल तर ती घरातले निम्मे दप्तर वाचू शकते आणि उरलेले निम्मे तिच्या डोळ्यांसमोर असूनही बंद राहते. पेटीत सापडलेला उर्दू कागद ती कोणाकडून वाचून घेणार? कारकून चुलत्याचा माणूस आहे. भावाला पाठवला तर घराण्याचे वर्म त्याच्या हाती जाते. नवऱ्याला विचारले तर पेटी उघडल्याची कबुली द्यावी लागते. या एका पेचावर चार प्रकरणे सहज उभी राहतात, आणि त्यांत कोणी कोणाला ढकलण्याची गरज पडत नाही.

पुरावा आणि त्याची उकल यांसाठीही बाहेरून काही आणावे लागत नाही. जुन्या कागदांवर लिहिता न येणाऱ्या माणसांच्या निशाण्या असत. शेतकऱ्याचा नांगर, बाईची बांगडी. नायकाच्या मृत आजीने चुलत्याच्या मुलाच्या नावे दत्तकपत्र करून दिले आणि त्यावर तिची बांगडीची निशाणी आहे, असा दावा आला तर ती निशाणी तिचीच हे कोण सांगणार? मूळ कागद हैदराबादच्या वकिलाकडे होता, तो मुसी नदीच्या पुरात गेला, हाती फक्त नक्कल उरली, असे चुलता म्हणतो. हे पटण्यासारखे आहे, कारण 28 सप्टेंबर 1908 चा तो पूर हजारो माणसे घेऊन गेला. पूर नवरात्रात आला होता. तेव्हा गढीत घट बसलेले असतील आणि नायक हैदराबादेस असेल, तर तो जिवंत आहे की नाही हे कळेपर्यंतचे दिवस नायिकेच्या मनाची खरी परीक्षा ठरतात. ज्याच्यावर संशय आहे तो बुडाला तर आपण सुटू की संपू, हे तिला तेव्हाच कळावे.

उकल मात्र पंचांगात ठेवावी. हैदराबाद राज्यात फसली सन चाले; त्यात 590 मिळवले की वर्ष ज्या इसवी सनात सुरू होते तो सन मिळतो, आणि वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून बदलत असे. पुराच्या वेळी 1317 फसली संपत आले होते. नकलेवर मूळ दत्तकपत्राची तारीख 1318 फसली अशी पडली असेल, तर तो कागद पूर ओसरल्यावरचा आहे आणि पुरात वाहून जाणे शक्य नाही. शक 1830 वर दिवस मोजणारी नायिका अंकांची सवय असल्यामुळे हे ओळखते. उर्दू वाचता येत नसली तरी तारखेची जागा आणि आकडे ती तोवर शिकलेली असावी, आणि ते कोणी शिकवले हा प्रेमकथेचा भाग असावा.

तथापि एक पथ्य पाळावे. नवऱ्यावर विश्वास ठेवण्याचा तिचा निर्णय हा पुरावा सापडण्यापूर्वी झाला पाहिजे. पुरावा मिळाल्यावर ठेवलेल्या विश्वासाला प्रेम म्हणत नाहीत. तो निकाल असतो. नायकाचेही तसेच. भावाचे पत्र हाती पडूनही त्याने ते न फोडता तिच्याकडे पोहोचते करावे, आणि त्यात काय होते हे त्याला तिने सांगेपर्यंत कळू नये.

दोघे भेटणार कुठे

गढीत नवरा-बायको दिवसा एकत्र दिसत नसत. पुरुषांचा वावर ढाळजेत आणि सदरेवर, बायकांचा माजघरात व मागच्या चौकात. जेवणाच्या पंगती वेगळ्या. तरुण बाईने वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलणे अमर्याद मानले जाई. रात्रीचीही खात्री नाही, कारण आपल्या कथेत नायक तिला भावाची हेर समजून दूर राहतो. हे दूर राहणे लेखकाच्या सोयीचे आहे: आजच्या वाचकाला हवा असलेला संयम त्या काळच्या नायकाच्या तोंडी आधुनिक विचार न घालता मिळतो, आणि जवळीक पुढे नायिकेच्या इच्छेने येऊ शकते.

भेटीसाठी सणवार वापरावेत. धाराशिव-लातूर भागात मार्गशीर्षातली वेळा अमावास्या, म्हणजे येळवस, यासाठी जणू योजलेली आहे. गढीतली बायकामाणसे त्या दिवशी शेतात जातात, कडब्याची कोप करून पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील यांवर सगळे एकत्र बसतात, आणि रोजचे सोवळे-ओवळे व पडदा थोडे सैल होतात. ज्वारीच्या ताटांमधून चालताना झालेले एक मिनिटाचे बोलणे इथे शयनगृहातल्या दहा पानांवर मात करते. तुळजापूरची वारी, अधिक महिन्यात जावयाला धोंड्यासाठी सासुरवाडीचे बोलावणे, पंचमीला मुऱ्हाळी, म्हणजे सुनेला माहेरी न्यायला आलेला माणूस, येणे, हेही प्रसंग आहेत. मात्र अधिक महिना कोणत्या वर्षी पडला ते जुन्या पंचांगात पाहूनच लिहावे. धोंड्याच्या जेवणात जावई मेहुण्याच्या शेजारी बसतो, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्या हातचे वाढलेले नाकारता येत नाही.

घरातल्या घरात एकच प्रसंग निवडायचा झाला तर विड्याचा निवडावा. जेवणानंतर विडा करून देणे बायकोकडे. परसात कण्हेर फुललेली. आणि चुलतीने नायकाला कानात काही सांगून ठेवलेले. पहिल्यांदा तो विडा हातात घेऊन बोलत राहतो आणि तसाच तबकात ठेवतो. तिच्या ते लक्षात येते. बराच पुढे, कोणतेही कारण न सांगता, तो विडा तोंडात टाकतो. याहून मोठ्या प्रेमनिवेदनाची मला गरज वाटत नाही.

बोलणे

संवादांत तीन थर सांभाळावे लागतात. वाड्यातली मोठी माणसे एकमेकांना अहो-जाहो करतात. सून सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते. नवऱ्याचा उल्लेख "इकडून", "स्वारी" असा होतो आणि नाव फक्त उखाण्यात येते. "इकडून जेवण व्हायचं आहे ना?" या वाक्यात आदर आहे, अंतर आहे आणि ती प्रश्न विचारण्याच्या मिषाने त्याच्या येण्याची वेळ काढून घेत आहे, हेही आहे. नायकाने आरंभी तिला "आपण" म्हणावे. ते "तू" वर केव्हा येते ही जागा लेखकाने आधी ठरवून ठेवावी आणि तिच्यावर बोट ठेवू नये. वाचक ती चुकवत नाही. दुसरा थर गडीमाणसांचा. "बाईसाब, मालक यायलेत" एवढ्या ओळीने मराठवाडा कानी पडतो. प्रत्येक शब्द बोलीत मोडून तो विनोदी करण्याची आवश्यकता नाही. या माणसांना घरातले सगळे ठाऊक असते आणि त्यांच्या श्रमावर गढी उभी असते, याची जाणीव कादंबरीला असावी. देशमुखीचे नुसते वैभव रंगवले तर पुस्तक भिंतीवरच्या तसबिरीइतके सपाट होते. तिसरा थर राजवटीचा: जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, पोलिसांचा अमीन, त्यावर मोहतमीम. कलेक्टर आणि फौजदार हे शेजारच्या इंग्रजी मुलखातले.

याच ओघात सांगायला हवे की निजामी अंमलदाराला आयता खलनायक करण्याचा मोह फार होतो. तो आळस आहे. इथल्या वतनदारांचे हितसंबंध त्याच दरबारात गुंतलेले होते आणि घराण्यांचे खरे शत्रू बहुतेक वेळा एकाच आडनावाचे असत.

बारीक तपशिलांत शेताकडे लक्ष द्यावे. आज मराठवाड्यात जिकडेतिकडे सोयाबीन दिसते म्हणून 1908 च्या शिवारात ते पेरू नये. ज्वारी, कापूस, तूर, करडई लिहावी. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घराला कौले घालू नयेत. बळदात, म्हणजे भिंतीतल्या बंदिस्त कोठारात, धान्य असते, आणि बळद फोडावे लागते तेव्हा घरावर वेळ आलेली असते. पैठणी आणि हिमरू यांची वर्णने हात राखून करावीत. दुष्काळातून सावरणाऱ्या घरातली पैठणी बहुधा सासूची, घडीवर विरलेली असेल, आणि ती सुनेला देताना कोणाची नजर त्या विरलेल्या घडीवर गेली हे वर्णनापेक्षा महत्त्वाचे आहे.

शेवटी उपसंहाराचा प्रश्न राहतो. 1948 ची पोलीस कारवाई आणि 15 ऑगस्ट 1949 पासून झालेले जहागिरींचे उच्चाटन शेवटच्या प्रकरणात आणण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण ज्या वतनासाठी एवढे संशय झाले ते कायद्याच्या एका फटक्यात गेले, हे दाखवणे सोपे आणि परिणामकारक वाटते. आपली नायिका तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर असेल. माझ्या मते कथा 1909 मध्येच, वारसाचा निकाल लागण्यापूर्वी थांबवावी. ज्यांना पुढचे लिहिल्यावाचून राहवत नाही त्यांनी ते एका परिच्छेदात लिहावे, आणि तोही नायिकेच्या तोंडून नव्हे, तर मुआवजाच्या (भरपाईच्या) अर्जाच्या कोरड्या भाषेत.